उपाशी पोटी

"हे बघ, याला म्हणतात लिव्हर," सरनोबत सर म्हणाले आणि चिमट्यात धरलेला तो तपकिरी, गुळगुळीत तुकडा त्यांनी खिडकीच्या उजेडात वर केला. त्यांच्या दुसऱ्या हातात आलूबोंडा होता. त्याचा एक कण उंदराच्या उघड्या पोटात पडला. सरांनी तो चिमट्यानंच उचलून बाजूला टाकला आणि खात राहिले.

मला तेव्हा किळस आली नाही, हे आधीच सांगून टाकते. मी आनंदात होते. किळस नंतर आली, आणि आली ती सव्वीस वर्षं झाली तरी गेलेली नाही.

"बाराच्या बारा अशी?" सरांनी विचारलं.

"बाराच्या बारा, सर."

"आणि ते दुसरे?"

मी दुसरा ट्रे पुढे सरकवला. त्यातली यकृतं फिकट पिवळी, ठिपक्याठिपक्यांची, बोट लावलं तर फुटतील अशी. सरांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि हाताला लागलेलं तेल माझ्या ॲप्रनच्या बाहीला पुसलं. लाडानं हं. बाप लेकीच्या ओढणीला पुसतो तसं. माझी छाती फुगली होती.

मी, कुंदा वैराळे, तेव्हा विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात औषधशास्त्रात एम.डी. करत होते. सरनोबत सर माझे गाईड आणि विभागप्रमुखही. माझा आधीचा विषय फसला होता आणि त्यात एक टर्म वाया गेली होती. या वेळी प्रबंध नाकारला गेला तर एम.डी. विसरा, असं मला कोणी सांगायची गरज नव्हती. घरी बाबा रिटायर झालेले, आई दर फोनला विचारायची, "झालं का गं तुझं ते?"

पण विषय मी प्रबंधापुरता घेतला नव्हता, ही गोष्टही खरी. इंटर्न असताना कॅज्युअल्टीत बोअरवेलच्या गाडीवरचा एक माणूस आला होता. मांडी फाटलेली, अंगातलं निम्मं रक्त रस्त्यावर. आम्ही रक्त चढवलं, जखम शिवली. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, बायकोवर ओरडलासुद्धा. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. सातव्या दिवशी गेला. त्याची बायको मला धरून विचारत होती, "रक्त त भरलं होतं ना तुमी? जखम त पायाले होती, मंग लिव्हरले काय झालं?" उत्तर मला पुढे वाचून कळलं. रक्त फार गेलं की यकृताला पुरवठा पडत नाही, आणि रक्त परत मिळालं की शरीर स्वतःच तिथे आग लावतं. सूज येते, पेशी मरतात. माणूस अपघातातून वाचतो आणि आठवड्यानं यकृतापायी जातो. ही सूज वेळेवर थांबवता आली तर किती लोक घरी जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सरांकडे एका कंपनीची पांढरी पावडर आली होती. नाव नाही, नुसता नंबर. मी उंदराला भूल द्यायची, पायाच्या धमनीतून ठरलेलं रक्त काढायचं, तासाभरानं थोडं परत द्यायचं. मग बारांना पावडरीचं इंजेक्शन, बारांना नुसतं मिठाचं पाणी. चोवीस तास थांबायचं आणि यकृत बघायचं. दोन्ही बाटल्या सारख्या ठेवायच्या असतात, म्हणजे टोचणाऱ्यालाही कळू नये की कोणाला काय गेलं. मी आळस केला. औषधाची बाटली तपकिरी, पाण्याची पांढरी. शिवाय उंदीर धरायला जो माणूस होता त्याला मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, तपकिरी बाटली म्हणजे औषध. ती डावीकडच्या पिंजऱ्यांना."

तो माणूस म्हणजे तुळशीराम डाखोरे. प्राणिगृहाचा अटेंडंट. पन्नाशीचा, बारीक, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. प्राणिगृहाची घाण वासाची खोली त्यांनी इतकी स्वच्छ ठेवली होती की आमच्या हॉस्टेलला लाज वाटावी. मी त्यांना तुळशीरामभाऊ म्हणायचे, सर नुसतं "ए डाखोरे".

सर त्या दिवशी खुशीत गेले. त्या खुशीमागे काय होतं ते मला थोडं माहीत होतं. कंपनीला हे इंजेक्शन माणसांवर वापरून बघायचं होतं, आमच्याच अपघात विभागात, चाळीस पेशंटवर. त्यासाठी कॉलेजच्या कमिटीची मंजुरी हवी होती, आणि कमिटीपुढे ठेवायला माझे हे चोवीस उंदीर होते. "तू नुसती एम.डी. नाही होणार," सर जिन्यावरून म्हणाले, "लेक्चररची जागा निघतेय जूनमध्ये."

मंजुरीच्या आधी संख्या वाढवावी म्हणून मी आणखी आठ उंदीर घेतले. सोमवारी सकाळी रक्त काढलं, इंजेक्शनं दिली आणि मेसला जेवायला गेले. वरण खारट होतं म्हणून लवकर परतले. प्राणिगृहाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत तुळशीरामभाऊ स्टुलावर बसले होते. मांडीवर दुपट्टा, दुपट्ट्यात एक उंदीर, आणि उंदराच्या तोंडाशी डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर. बाजूला स्टीलच्या वाटीत काहीतरी होतं.

"हे काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. "साखरपानी हाये मॅडम. चिमूटभर मीठ टाकलं त्यात."

"कशाला?"

"औषध देल्लं ना तुमी. औषध उष्ण रायते. उपाशी पोटी देल्लं त कोठा जाळते." त्यांनी ड्रॉपर हलकेच दाबला. उंदरानं जीभ बाहेर काढून थेंब चाटला. "काई त पोटात जाव लागते."

"कधीपासून पाजताय?"

"पयल्यापासून. अर्ध्या अर्ध्या घंट्यानं."

"सगळ्यांना?"

"नाई, सगळ्याईले काऊन? औषधवाल्याईलेच." त्यांनी उजवीकडच्या पिंजऱ्यांकडे मानेनं दाखवलं. तिथले चार उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन पडले होते. "त्याईले त तुमी नुसतं मिठाचं पानी टोचता. ते थोडीच उष्ण पडते?"

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. गाढव म्हणाले, ते आठवतं. बापाच्या वयाच्या माणसाला. त्यांनी उंदीर पिंजऱ्यात ठेवला, दुपट्टा झटकला, वाटी धुतली. मग म्हणाले, "मायी बायको टीबीच्या गोळ्यांनं गेली, मॅडम. पिवळी जर्द पडली होती. गोळ्या सकाळी उपाशी पोटी घे जा म्हनून मीच उठवत जाव तिले. कामावर जायच्या आंधी आपल्या डोळ्यांसमोर घेतल्या पायजे ना."

टीबीच्या गोळ्यांनी काही लोकांचं यकृत खराब होतं, पोटात अन्न असो की नसो. हे मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. या माणसानं किती वर्षं डोक्यावर घेतलेला दगड मला तिथल्या तिथे उतरवता आला असता. मी नाही सांगितलं. माझे चोवीस उंदीर पाण्यात गेले होते आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

रक्त गेलेल्या जनावराला दर अर्ध्या तासानं तोंडातून मीठ-साखरेचं पाणी मिळालं तर ते तगणारच. हे सांगायला एम.डी. लागत नाही. प्रश्न एवढाच होता की यकृतं पाण्यानं वाचली की पावडरीनं.

मी ते बघितलं. नवे आठ उंदीर घेतले आणि या वेळी खोलीची किल्ली माझ्याजवळ ठेवली. चौघांना तपकिरी बाटलीतलं औषध, तोंडात काही नाही. चौघांना औषध नाही, पण तुळशीरामभाऊंच्या हिशेबानं साखरपाणी, माझ्या हातानं. दुसऱ्या दिवशी पोटं उघडली. औषधवाल्या चौघांची यकृतं पिवळी, ठिपक्यांची, एकाचं तर चिमट्यात येईना. साखरपाण्यावाल्यांची तपकिरी, गुळगुळीत. आणखी एक गोष्ट दिसली. ती मला आधीही दिसली होती, पण तेव्हा मी वहीत लिहिली नव्हती. औषध दिलेल्यांच्या पायाची जखम ओलीच राहत होती. कापूस लावावा तर पुन्हा लाल. म्हणजे आधीच रक्त गेलेल्या जिवाचं रक्त हे औषध आणखी पातळ करत होतं.

वही घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. सर संत्रं सोलत होते. फोडीवरची पांढरी शीर न् शीर नखानं काढायची त्यांना सवय होती. मी सगळं सांगितलं. साखरपाणी, आठ उंदीर, ओली जखम. त्यांनी वही घेतली नाही.

"आठ उंदरांवरून?" ते म्हणाले.

"सर, त्या चोविसांतल्या बारांना पाणी पाजलंय. ते आकडे धरताच येत नाहीत."

"पाजलं असं कोण म्हणतं? डाखोरे? त्याला ड्रॉपर धरता येतो का नीट?" त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि बी तळहातावर काढली. "हे बघ कुंदा. तुला पुन्हा पहिल्यापासून करायचं असेल तर मी अडवणार नाही. तुझा प्रबंध आहे. एप्रिलच्या ऐवजी पुढच्या एप्रिलला दे. लेक्चररची जागा काय, भरून जाईल कोणीतरी."

"आणि जखमेचं, सर? अपघाताच्या पेशंटला हे दिलं तर..."

"अपघाताचे पेशंट तसेही मरतात," सर म्हणाले. अगदी सहज, शीर काढता काढता. "घे, फोड घे. गोड आहे."

मी घेतली. उभ्या उभ्या खाल्ली. आणि गोड होती.

वहीतली पानं फाड असं ते म्हणाले नाहीत. तेवढी अक्कल होती त्यांना. ती मी रात्रीची वाट न बघता, भर दुपारी हॉस्टेलच्या खोलीत फाडली. शिलाईच्या आतली उरलेली कडसुद्धा ब्लेडनं काढली, म्हणजे कोणी वही उघडून बघितली तरी कळू नये. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चांगल्या घरातली, शाळेत शुद्धलेखनाची बक्षिसं घेतलेली मुलगी मी, आणि कड सरळ निघावी म्हणून ब्लेडला पट्टीसुद्धा लावली. शिसारी येते ती याची. सरांची काय, ते तर पहिल्यापासून तसेच होते.

कमिटीची बैठक पंधरा दिवसांनी लायब्ररीच्या हॉलमध्ये झाली. दहा जण. त्यातले बरेच सरांच्या उठण्याबसण्यातले मित्र. अडचण होती ती एकाच माणसाची, डॉक्टर मिराशींची. निवृत्त सर्जन, बाहेरून बोलावलेले. कागद बोटानं ओळ न् ओळ वाचत होते. तुळशीरामभाऊ यकृताच्या बरण्या ट्रेमधून घेऊन आले होते आणि त्या परत न्यायच्या म्हणून दाराशी उभे होते. नवा शर्ट घातला होता. इतके मोठे साहेब आपले उंदीर बघणार म्हणून.

मी बोलले. छान बोलले. फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक खाली राहिलेली, एक वर गेलेली. बरण्या हातोहात फिरल्या.

"डॉक्टर वैराळे," मिराशी सरांनी चष्मा काढला. "फरक मोठा आहे. मला जरा जास्तच मोठा वाटतो. एक सांगा, दोन्ही गटांची देखभाल सारखी होती? खाणं, पाणी, सगळं?"

सरनोबत सर माझ्याकडे बघत नव्हते. पेनाचं टोपण लावत होते.

"हो, सर," मी म्हणाले.

"नाई सायेब."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. तुळशीरामभाऊ दोन पावलं पुढे आले होते. तोंडावर भीती नव्हती. आपलं काम चुकून राहून गेलं, ते सांगावं, असा चेहरा होता.

"डावीकडच्याईले म्या साखरपानी पाजत जाव. अर्ध्या अर्ध्या घंट्यानं. औषध उष्ण रायते ना सायेब, उपाशी पोटी चालत नाई. म्हनून त थे तगले."

सरनोबत सर हसले. मोठ्यानं, मोकळेपणानं. "हे आमचे डाखोरे. उंदरांना नातवंडांसारखं वागवतात. उद्या बारसं करतील." हॉल हसला. टेबलावर कोणीतरी थाप मारली.

मिराशी सर हसले नाहीत. "काय म्हणतायत ते? पाजलं म्हणजे?"

"मॅडमले विचारा ना," तुळशीरामभाऊ म्हणाले. "त्याईनं सोता पाह्यलं. मले रागावल्याबी." आणि ते माझ्याकडे बघून थोडं हसले. रागावल्याचं त्यांच्या मनात काही नाही, हे मला कळावं म्हणून.

आता माझ्यावर होतं. एक वाक्य. सव्वीस वर्षं मी ते वाक्य वेगवेगळ्या तऱ्हांनी बोलून बघितलंय. आंघोळ करताना, गाडी चालवताना. त्या दिवशी मी हसले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखीच. "एखाद्या वेळी पाजलं असेल, सर. फार जीव आहे त्यांचा," मी म्हणाले. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, "तुळशीरामभाऊ, सगळ्यांना चहा सांगा ना."

ते गेले. मॅडमनी सांगितलं म्हटल्यावर ते जाणारच.

मिराशी सरांनी पुन्हा एकदा पहिल्या पानापासून चाळलं. माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही, इतकी मी तयार झाले होते. त्यांनी सही केली.

मला एप्रिलमध्ये एम.डी. मिळाली, जूनमध्ये जागा. ऑगस्टपासून अपघात विभागात ते इंजेक्शन सुरू झालं. चाळीस व्हायचे होते, एकोणीस झाले, मग कंपनीनंच थांबवलं. कारण आमच्यापर्यंत आलं नाही. त्या एकोणिसांतले किती जण आपल्या पायांनी घरी गेले ते विभागाच्या रजिस्टरात होतं. रजिस्टर माझ्या टेबलापासून वीस पावलांवर, उघड्या कपाटात. मी एकदाही उघडलं नाही. मिराशी सर वारले तेव्हा शोकसभेत मी बोलले. चांगलंच बोलले. आता मीच अशा कमिट्यांवर बसते आणि पोरं आकडे घेऊन आली की त्यांच्या तोंडाकडे बघते.

पण बैठकीच्या दिवशीचं थोडं सांगायचं राहिलं. बैठक संपल्यावर सरनोबत सरांनी पेढे मागवले. मी तोंड धुवायला म्हणून बाहेर आले तर तुळशीरामभाऊ व्हरांड्यात उष्टे कप ट्रेमध्ये लावत होते.

"मॅडम, म्या काई चुकीचं बोललो का?"

"नाही."

"मंग सायेब लोक हासले काऊन?"

"असंच. तुम्ही नका मनावर घेऊ."

त्यांनी एका कपातली उरलेली साय बोटानं काढून कुंडीत टाकली. "मंजूर झालं ना पन?"

"झालं."

"म्हंजे आता माणसाईलेबी देतीन ते औषध. एक्सिडेंटवाल्याईले."

"हो. देतील."

त्यांनी ट्रे उचलला. चांगला जड होता, पण लगेच निघाले नाहीत. कपाळावर आठी घालून, खरोखरच्या काळजीनं, त्यांनी मला विचारलं,

"आन् मंग त्याईले साखरपानी कोन पाजीन, मॅडम?"